नवे परफॉर्मन्स ब्रेक पॅड टाकलेत? आता ते ‘सेट’ कसे करायचे

नवे पॅड टाकून गाडीची किल्ली हातात देताना मेकॅनिकच्या तोंडी एक वाक्य ठरलेलं असतं: “शे-दोनशे किलोमीटर चालवा, ब्रेक आपोआप सेट होतील.” गाडीबरोबर येणाऱ्या साध्या पॅडपुरतं ते बऱ्यापैकी खरंही आहे. पण हौसेने जास्त उष्णता सोसणारे परफॉर्मन्स पॅड टाकले असतील, तर त्या ‘आपोआप’वर विसंबू नका. हे पॅड सेट व्हायला जेवढं तापावं लागतं, तेवढे ते शहरातल्या रोजच्या ये-जा करण्यात तापतच नाहीत. मग भरपूर पैसे मोजून आणलेले पॅड साध्या पॅडपेक्षाही कमी पकडतात, कुंईकुंई करतात आणि काही दिवसांनी ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरायला लागतं.

पॅड सेट करायच्या या प्रकाराला बेडिंग म्हणतात. काम पाऊण तासाचं, फारसं अवघडही नाही. पण ते कशासाठी करायचं हे आधी कळलेलं बरं. रस्त्यावर परिस्थिती कधी पुस्तकातल्यासारखी नसते. कुठे थोडं बदललं तरी चालेल आणि कुठे अजिबात चालणार नाही, हे ऐन वेळी तुम्हालाच ठरवायचं असतं.

पॅड आणि डिस्कमध्ये काय घडतं

डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी. ब्रेक मारला की पॅड तिला दोन्ही बाजूंनी दाबतात. धातूचे कण, तंतू, ग्राफाइट असे बरेच पदार्थ रेझिन या चिकट द्रव्यात बांधून, दाबून आणि भाजून पॅड तयार होतो. कोरा पॅड पहिल्यांदा खूप तापतो तेव्हा रेझिनमधला काही भाग वायू होऊन बाहेर पडतो. हळूहळू निघाला तर त्याने काही बिघडत नाही. पण कोरे पॅड पहिल्याच दिवशी लांबलचक उतारावर सणसणून तापले, तर या वायूचा पातळ पडदा पॅड आणि डिस्कच्या मध्ये अडकतो. पेडल नेहमीसारखं घट्ट लागतं, पाय पूर्ण जोर लावत असतो आणि गाडी काही हळू होत नाही. याला ‘ग्रीन फेड’ म्हणतात. इथे ग्रीन म्हणजे कच्चा. पॅडमधला हा कच्चेपणा माणसं, वळणं आणि उतार नसलेल्या जागी काढून टाकायचा, हा बेडिंगचा पहिला उद्देश.

दुसरा उद्देश माझ्या मते जास्त महत्त्वाचा आणि कमी लोकांना ठाऊक असलेला. पॅड डिस्कला घासतो म्हणून गाडी थांबते, असं आपण समजतो. ब्रेक थंड असताना बरंचसं तसंच असतं. पण पॅड तापले की त्यांच्यातला पदार्थ डिस्कवर अगदी पातळ थराने बसतो, आणि पुढे पॅड उघड्या लोखंडाऐवजी स्वतःच्याच पदार्थाच्या त्या थराला धरतो. पॅडचे नि थराचे कण क्षणोक्षणी एकमेकांना चिकटतात आणि सुटतात. परफॉर्मन्स पॅडची खरी पकड त्या चिकटण्यात असते. म्हणजे तुम्ही दुकानातून अर्धाच ब्रेक विकत आणलेला असतो. उरलेला अर्धा तुम्हाला स्वतःच्या डिस्कवर तयार करायचा आहे.

हा थर सगळीकडे सारखा बसला की ब्रेक एकसंध लागतो. एका जागी जाड बसला, तर चाकाच्या दर फेऱ्याला ती जागा पॅडखाली येते आणि तेवढ्यापुरती पकड वाढते. पायाला नि स्टिअरिंगला जाणवते ती थरथर हीच. अशी गाडी गॅरेजमध्ये नेली की “डिस्क वाकडी झाली” हे निदान तयारच असतं. डिस्क खरोखर वाकलेली क्वचितच असते. बहुतेक वेळा थर खालीवर बसलेला असतो, आणि काही शतांश मिलिमीटरचा फरकसुद्धा थरथर निर्माण करायला पुरतो.

भिंत रंगवणारा जाणता माणूस पहिला हात पातळ देतो, तो वाळू देतो, मग पुढचा हात देतो. एकाच हातात जाड फासलं की ओघळ आलेच. डिस्कवरचा थरही असाच, हातावर हात देत चढवायचा असतो.

रस्त्यावर जाण्याआधी

डिस्क नवी असेल तर उत्तम. जुनीच ठेवणार असाल तर आधी तिची जाडी मोजा. कमीत कमी किती जाडी चालेल तो आकडा बहुतेक डिस्कवर कोरलेला असतो. जाडी पुरेशी असली तरी जुन्या पॅडचा थर तिच्यावर असतोच, आणि नव्या पॅडचं मिश्रण वेगळं असेल तर दोन्ही थर एकमेकांत मिसळून विचित्र पकड देतात. म्हणून डिस्क लेथवर हलकी कापून घ्या किंवा पॉलिश पेपरने दोन्ही बाजू घासून घ्या. घासताना हात गोल गोल आणि आडवातिडवा फिरवा, एकाच दिशेने रेघा ओढू नका.

नव्या डिस्कला गंज लागू नये म्हणून तेलाचा हात दिलेला असतो. तो ब्रेक क्लीनरने पूर्ण पुसून काढा. तेलकट डिस्कवर कोरे पॅड तापवले तर ते तेल पॅडमध्ये मुरतं आणि मग ते पॅड फेकावेच लागतात.

आता जिथे डिस्क टेकते त्या हबकडे बघा. तिथे गंजाची पापडी राहिली तर डिस्क केसभर तिरकी बसते, फिरताना डुलते आणि पॅडला एका जागी जास्त घासते. बेडिंग कितीही मन लावून करा, हजार-दोन हजार किलोमीटरनंतर थरथर येणारच. तारेच्या ब्रशने हब चकचकीत होईपर्यंत घासा. डायल गेज (अगदी बारीक डोल मोजणारं काट्याचं यंत्र) मिळालं तर डिस्क बसवून डोल मोजा, ०.०५ मिलिमीटरच्या आत असावा. या पाच मिनिटांच्या कामाला जो मेकॅनिक कंटाळतो, त्याच्याकडे बाकीचं कामही मी देणार नाही.

कॅलिपर, म्हणजे पॅड धरून पिस्टनने ते डिस्कवर दाबणारा भाग, ज्यांच्यावर सरकतो त्या गाइड पिना बोटाने सहज सरकतात ना, ते पाहा. अडकत असतील तर साफ करून त्यांना रबराला चालणारं सिलिकॉन ग्रीस लावा. साधं ग्रीस रबर फुगवतं. पॅड सरकतात त्या कडांना उष्णता सोसणारं ग्रीस अगदी नखभर लावा, डिस्कला लागणाऱ्या बाजूला त्याचा डागही नको. सोडलेला कॅलिपर होजवर लोंबकळत ठेवू नका, तारेने वर बांधा. ब्रेकची काळी धूळ हवेने फुंकू नका. ती फुप्फुसात जाते. क्लीनर मारून ओली करा आणि पुसा.

मागच्या चाकांना इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर पिस्टन जोर लावून मागे ढकलायचा नाही. गाडीच्या मॅन्युअलमध्ये त्यासाठी वेगळा सर्व्हिस मोड दिलेला असतो.

ब्रेक ऑइलचा विचारही याच वेळी करा, कारण या पॅडच्या उष्णतेचा थोडा भाग त्याच्यापर्यंत पोहोचणार आहे. ते हवेतलं बाष्प शोषतं आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट ४ दर्जाच्या कोऱ्या ऑइलचा किमान उत्कलनबिंदू २३० अंश सेल्सिअस धरलेला आहे. पाणी शोषल्यानंतरचा १५५. डॉट ५.१ साठी हेच आकडे २६० आणि १८०. दोन वर्षांहून जुनं ऑइल असेल तर पॅडबरोबरच बदला आणि सगळी एअर काढून घ्या. मात्र नाव सारखं वाटलं तरी डॉट ५ हे सिलिकॉनचं वेगळंच ऑइल आहे. साध्या गाडीत ते घालू नका.

सगळं बसल्यावर, गाडी हलवण्याआधी, पेडल घट्ट होईपर्यंत दाबत राहा. पिस्टन मागे ढकललेले असल्यामुळे पहिले काही दाब पोकळ जातात. हे विसरून गाडी मागे घेतली आणि भिंतीला टेकवली, असं अनुभवी लोकांचंही होतं. मग ब्रेक ऑइलच्या टाकीतली (रिझर्व्हॉयर) पातळी पाहा आणि चाकाचे नट समोरासमोरचे, टॉर्क रेंचने कंपनीने दिलेल्या मापाला आवळा.

वेगाचा हिशेब

गाडीची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. १५०० किलोची गाडी ताशी १०० किलोमीटरवर असताना तिच्यात साधारण ५८० किलोज्यूल ऊर्जा असते. ८० वर ३७०, ६० वर फक्त २१० च्या आसपास. ब्रेक मारल्यावर यातली जवळपास सगळी उष्णता होते आणि बराचसा वाटा पुढच्या दोन डिस्कवर येतो. म्हणून शहरात साठच्या वेगावरून पन्नास वेळा थांबलात तरी, मध्ये मिळणाऱ्या वेळात डिस्क थंड होत राहतात आणि पॅडला हवी ती उष्णता साचत नाही. बेडिंगमध्ये वेग लागतो, आणि दोन ब्रेकमधलं अंतर कमी लागतं.

याचाच दुसरा अर्थ असा की शंभरचा वेग कायद्याने किंवा रस्त्याने शक्य नसेल तर ऐंशीवर काम होतं, फक्त ब्रेकची संख्या दीडपट करावी लागते. वेगमर्यादा मोडून बेडिंग करायचं काही कारण नाही.

रस्ता कोरडा, सरळ, रिकामा हवा. पहाटेची वेळ सगळ्यात बरी. मागून कोणी येत नाही ना, हे प्रत्येक ब्रेकआधी आरशात पाहायचं. तुमचं हे वागणं मागच्याला वेडेपणाच वाटणार आहे, आणि त्याचं काही चुकत नाही. शेजारी कोणी बसणार असेल तर आधी कल्पना द्या. मागच्या सीटवरच्या सुट्या वस्तू काढून ठेवा, नाहीतर तिसऱ्या ब्रेकला पाण्याची बाटली पेडलखाली येईल.

आणि सर्वात आधी पॅडच्या खोक्यातला कागद वाचा. बनवणाऱ्याने स्वतःची पद्धत दिली असेल तर माझी बाजूला ठेवून तीच पाळा. काही पॅड कारखान्यातच तापवून दिलेले असतात आणि त्यांना कमी पुरतं. निव्वळ ट्रॅकवरच्या पॅडना इथे सांगितलंय त्यापेक्षा पुष्कळ जास्त लागतं. कार्बन-सिरॅमिक डिस्क असतील तर हा लेख तुमच्यासाठी नाही.

प्रत्यक्ष ब्रेक मारताना

सुरुवात हलकी. ताशी ५० वरून १० पर्यंत चार-पाच वेळा, रोजच्यासारखा ब्रेक मारा. पॅड डिस्कला सपाट टेकायला लागतील आणि सगळं कोमट होईल. आवाज, एका बाजूला ओढणं, पेडल मऊ लागणं यातलं काही जाणवलं तर इथूनच परत फिरा. पुढचा टप्पा अशा गाडीने करायचा नाही.

मग खरं काम. वेग १०० पर्यंत न्या आणि २० पर्यंत चांगला जोरात, पण एकसारखा ब्रेक मारा. जोर किती? समोर अचानक काही आलं तर मारतो त्याहून कमी, सिग्नलला मारतो त्याहून बराच जास्त. एबीएसची (चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) थडथड पायाला लागली तर जास्त झाला. टायर लॉक-सुट होत असताना डिस्कवरचा दाब सारखा राहत नाही, आणि थरही सारखा बसत नाही. पेडल झटका देऊन न दाबता एका दमात दाबा आणि वीसवर येईपर्यंत तसंच धरून ठेवा.

वीसवर आलात की पाय उचला आणि लगेच पुन्हा वेग घ्या. थांबायचं नाही. रेंगाळायचंही नाही. पुन्हा शंभर, पुन्हा वीस. असं आठ ते दहा वेळा.

साधारण चौथ्या-पाचव्या ब्रेकला जळक्या रेझिनचा वास येईल, पुढच्या चाकांतून थोडा धूरही दिसेल. नवशिक्याचा जीव इथे धास्तावतो. वास आणि विरळ धूर अपेक्षितच आहेत. पॅडमधला कच्चेपणा बाहेर पडतोय. सहाव्या-सातव्याला पकड किंचित कमी झाल्यासारखी वाटेल आणि पेडल मात्र घट्टच असेल, तर हाच तो ग्रीन फेड. अशा वेळी जोर वाढवू नका, त्याच जोरात आणखी एक-दोन ब्रेक मारून थांबवा.

पेडलच मऊ पडत खाली जायला लागलं तर ते मात्र वेगळं प्रकरण. ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झालेत. ब्रेक मारणं तिथेच बंद करा, गिअर उतरवत वेग कमी करा, आणि पूर्ण थंड झाल्यावर हळू घरी जाऊन ऑइल बदला. घट्ट पेडल आणि मऊ पेडल यातला हा फरक लक्षात ठेवा. एकात दोष पॅडकडे, दुसऱ्यात ऑइलकडे.

थंड करणं

बेडिंग इथेच बिघडतं. माझंही इथेच बिघडलं होतं.

पहिल्यांदा केलं तेव्हा दहाच्या दहा ब्रेक अगदी मनासारखे झाले. तेवढ्यात फोन वाजला. गाडी कडेला घेतली, सवयीने पाय पेडलवर, हँडब्रेकही ओढला, आणि पाच मिनिटं बोलत बसलो. पुढच्याच आठवड्यात ऐंशीच्या वेगावर ब्रेक मारला की स्टिअरिंग हातात नाचायला लागलं. गॅरेजवाल्याने डिस्क बदलायला सांगितल्या. चाक काढून पाहिलं तर डिस्कवर पॅडच्या आकाराचा काळपट ठसा उमटला होता, कडेसकट, शिक्का मारावा तसा.

तापलेला पॅड तापलेल्या डिस्कवर एकाच जागी दाबून धरला की तिथे पदार्थ जास्त चिकटतो, शिवाय पॅडखालचा भाग झाकलेला राहून उरलेल्या डिस्कपेक्षा सावकाश निवतो. म्हणून शेवटच्या ब्रेकनंतर गाडी चालतीच ठेवायची. पन्नास-साठच्या वेगाने दहा मिनिटं, शक्य तितका ब्रेक न वापरता. परतीच्या रस्त्यावर सिग्नल, फाटक, गर्दी काही नाही हे आधीच पाहून ठेवा. मी तर हल्ली रस्ता निवडताना या दहा मिनिटांचाच विचार आधी करतो. आणि थांबावंच लागलं? सपाट जागी गाडी न्यूट्रलला टाकून पाय उचला, आणि वाहतूक परवानगी देत असेल तर दर काही सेकंदांनी वीतभर पुढे सरकू द्या. उतारावर अर्थातच हा प्रयोग करायचा नाही, तिथे ब्रेक धरा आणि थर बिघडला तर बिघडू द्या.

घरी पोहोचल्यावर गाडी गिअरमध्ये किंवा पार्कमध्ये ठेवा, चाकाला अडणी लावा, हँडब्रेक तासभर ओढू नका. डिस्कवर पाणी मारणं तर दूरच. डिस्कचं तापलेलं बीड (ओतीव लोखंड) पाण्याने तडकतं.

बऱ्याच परफॉर्मन्स पॅडना हा पूर्ण फेरा दोनदा लागतो. पहिल्या फेऱ्यानंतर दहा-पंधरा मिनिटं चालवून थंड केलं की लगेच दुसरा करता येतो.

झालं की नाही, कसं कळणार

गाडी पूर्ण थंड झाल्यावर चाकाच्या आऱ्यांमधून डिस्क पाहा. नव्या लोखंडाची चकाकी जाऊन सगळीकडे सारखा करडा, किंचित निळसर रंग आलेला असावा. पट्टे, डाग, पॅडच्या आकाराच्या खुणा नकोत. मध्ये चकाकती रिंग राहिली असेल तर पॅड अजून पूर्ण टेकलेला नाही. दोन-चार दिवस नेहमीसारखी चालवून आणखी एक फेरा करा. पॅडची कड दिसत असेल तर डिस्कलगत फिकट राखाडी पट्टी आलेली दिसते, तीही चांगली खूण.

हातात इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर गाडी उभी केल्याबरोबर डाव्या-उजव्या डिस्कचं तापमान ताडून पाहा. चकचकीत धातूवर हे यंत्र खरं तापमान सांगत नाही, कमी दाखवतं. त्यामुळे आकड्यापेक्षा दोन बाजूंमधला फरक महत्त्वाचा. एक बाजू बरीच जास्त तापली असेल तर तिथला कॅलिपर किंवा गाइड पिन अडकतेय असं समजा.

बिघडलंच तर

थरथर नुकतीच सुरू झाली असेल तर आधी बेडिंगचा फेरा पुन्हा करून पाहा. पातळ डाग पुष्कळदा त्यातच निघून जातात. नाही गेले तर डिस्क आणि पॅड दोन्ही पॉलिश पेपरने घासून मुळापासून सुरुवात. उशीर करू नका. जाड डाग चाकाच्या दर फेऱ्याला जास्त तापतो, आणि फार तापलेल्या जागी बिडाची रचना बदलून सिमेंटाइट नावाचं कठीण द्रव्य तयार होतं. ते आजूबाजूच्या लोखंडापेक्षा कमी झिजतं, त्यामुळे घासून गुळगुळीत केलेली डिस्कही थोड्या दिवसांत पुन्हा उंचसखल होते. तिथपर्यंत गेलं की डिस्क बदलण्यावाचून इलाज नाही. माझ्या डिस्क घासून वाचल्या, त्या केवळ मी दुसऱ्याच आठवड्यात चाक उघडलं म्हणून.

पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा चकाकत असेल तर सुरुवातीलाच फार वेगाने तापवल्यामुळे तो भाजला गेलाय. वरचा थर पेपरने घासून काढा आणि या वेळी हलक्या ब्रेकचा टप्पा जास्त वेळ करा.

हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्या

यांत पेडल दाबलं तरी बराचसा वेग मोटरच कमी करते, पॅड जेमतेम टेकतात. रीजनरेशन (मोटरने वेग कमी करून वीज परत बॅटरीत भरणं) कमीत कमी पातळीवर ठेवल्याशिवाय बेडिंग होतच नाही, आणि काही गाड्यांत ते कसं करायचं हे मॅन्युअलमध्येच शोधावं लागतं. एरवीही या गाड्यांच्या डिस्क वापराअभावी गंजतात, त्यामुळे सेट केलेला थर टिकवायला अधूनमधून मुद्दाम जोरात ब्रेक मारावे लागतात. खरं सांगायचं तर रोज शहरातच फिरणाऱ्या इलेक्ट्रिक गाडीत परफॉर्मन्स पॅड टाकण्याचं कारण मला अजून सापडलेलं नाही.

पुढचे तीन-चारशे किलोमीटर ब्रेकला उगाच छळू नका, आणि पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर चाकाचे नट पुन्हा एकदा टॉर्क रेंचने तपासा. पावसात किंवा धुतल्यावर गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी डिस्कवर तांबूस गंज दिसेल. तो पहिल्या दोन-तीन ब्रेकमध्ये निघून जातो. त्यासाठी बेडिंग पुन्हा करायला नको.